नाताळच्या झाडासाठी हाताने शिवलेली लटकनं: चांदणी, पक्षी आणि कोशाची घंटा

हाताने शिवलेल्या लटकनाचं भरतकाम सहसा शेवटपर्यंत टिकतं. दोन-तीन नाताळांत बिघडतं ते दुसरंच. आधी लटकवायचा फास सुटतो, मग आतली रूई एका कोपऱ्यात गोळा होते, आणि एखाद्या दमट पावसाळ्यात लाल कापडाचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. टिकल्या आणि रेशीम तोवर जशाच्या तसे असतात. म्हणून ठेवणीतलं किंवा भेट द्यायचं लटकन करताना निम्मं लक्ष शिलाई, भरण आणि फास यांच्याकडे हवं. नक्षी साधी असली तरी चालते. देठटाक्याच्या पाच रेघा आणि सहा टिकल्यांची नीट भरलेली चांदणी दाट भरतकामाच्या पोचट चांदणीपेक्षा झाडावर उठून दिसते.

खाली फेल्टची चांदणी सविस्तर दिली आहे, कारण तिच्यात टोकं, खाचा, काठ, भरण असं सगळंच शिकून होतं. पक्षी थोडक्यात आहे. तिसरा नमुना आपल्याच विदर्भातला, टसर रेशमाच्या फुटक्या कोशाची घंटा.

वेळेचा हिशोब आधी करा. सवयीच्या हाताला एका चांदणीला अडीच ते तीन तास लागतात. दहा जणांना एकेक द्यायची तर तीस तास झाले, म्हणजे रोज संध्याकाळी एक तास बसलं तर महिना. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत कधीतरी येतो, आणि तिथून पुढे घरातली व चर्चमधली कामं वाढतच जातात. कापणं आणि भरतकाम त्याआधी उरकलं तर डिसेंबरात फक्त जोडणं आणि भरणं उरतं. एकेक चांदणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसू नका. आधी सगळ्यांचे तुकडे कापा, मग सगळ्यांवर भरतकाम करा, मग सगळ्या जोडा. हात एकाच कामाला बसला की टाके आपोआप सारखे पडतात.

कापड

फेल्ट दीड ते दोन मिलिमीटर जाडीचं घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं एक मिलिमीटरचं पातळ फेल्ट शाळेच्या प्रोजेक्टला ठीक आहे. भरण घातल्यावर ते टाक्याच्या भोकाशी विरतं आणि आतली रूई दिसू लागते. दुकानातच तपासता येतं: काठापासून तीन मिलिमीटर आत सुईने दोरा घाला आणि ओढून बघा. भोक लांबोळं झालं तर ते फेल्ट सोडा. तालुक्याच्या गावी जाड फेल्ट मिळालं नाही तर अमरावतीला किंवा नागपूरच्या इतवारीत कोणी जाणारं असेल त्याच्याकडून मागवा. ए-फोर आकाराच्या एका तावात नऊ सेंटिमीटरच्या चांदणीचे सहा तुकडे बसतात, म्हणजे तीन चांदण्या.

जुन्या लोकरी स्वेटरचंही उत्तम फेल्ट होतं, पण स्वेटर खऱ्या लोकरीचा हवा. आठवडी बाजारातले बहुतेक स्वेटर अॅक्रिलिकचे असतात आणि ते कितीही उकळले तरी आटत नाहीत. एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. लोकर निघाली तर हात जेमतेम सोसेल अशा गरम पाण्यात साबण टाकून पंधरा-वीस मिनिटं चांगली चोळा, लगेच थंड पाण्यात बुडवा, आणि विणीचे घर दिसेनासे होईपर्यंत हे पुन्हा करा. तुकडा पाव ते एक तृतीयांश आटतो. सावलीत सपाट वाळवा, वाळल्यावरच कापा.

सुती कापडात खादी किंवा जाड मांजरपाट चांगलं. वर्ध्याच्या खादी भांडारात जाडं कापड सहज मिळतं. ब्लाउजपीसचं टू बाय टू फार पातळ असतं, त्याला आतून मांजरपाटाचा अस्तर लावावाच लागतो. जुन्या साडीचा करवती काठ घरात पडून असेल तर फेकू नका. पक्ष्याचा पंख किंवा घंटेचा पट्टा करायला त्या दातेरी नक्षीची दोन-तीन इंचाची पट्टी पुरते.

लाल, हिरवा आणि मरून रंग आधी तपासायचाच. तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीवर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीला रंग लागला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी वापरायचा नाही. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो अशी समजूत आहे, पण बाजारातल्या रंगवलेल्या सुती कापडाचा सुटणारा रंग मिठाने बसत नाही. दोन-तीनदा धुऊन जादा रंग काढून टाका, पुन्हा तपासा, आणि तरीही सुटत असेल तर सरळ दुसरं कापड घ्या.

सुई, दोरा, बाकी सामान

भरतकामाचं रेशीम सहा पदरी असतं आणि एका लडीत साधारण आठ मीटर येतं. काठाच्या टाक्याला दोन पदर, नक्षीला तीन पदर, मागे अक्षरं काढायला एक पदर. पदर एकदम ओढून वेगळे करू नका, गुंता होतो. एकेक पदर वर ओढून काढा आणि मग हवे तितके परत जोडा. दोरा ६५ सेंटिमीटरपेक्षा लांब कापला की नेढ्यापाशी झिजतो आणि पीळ खातो.

भरतकामाची सात ते नऊ नंबरची सुई, मण्यांसाठी दहा किंवा बारा नंबरची बारीक सुई, अंगुस्तान, टोकाला धार असलेली लहान कात्री, टाचण्या, आणि खुणांसाठी शिंप्याचा खडू किंवा साबणाची पातळ चीप. बॉलपेनने खूण करू नका, शाई फेल्टमध्ये पसरते. टिकल्या घेतल्यावर चार-पाच टिकल्या कोमट पाण्यात तासभर ठेवा. रंग सुटून पाणी चमकू लागलं तर त्या ठेवणीच्या कामाच्या नाहीत.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक अडचण हमखास येते. बोंडाची टोकं लागून आणि थंडीने उलून बोटं खरखरीत झालेली असतात आणि रेशीम त्यात अडकतं. बसण्याआधी चमचाभर साखर आणि थोडं खोबरेल हातावर चोळून साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. तेलकट हाताने फेल्टला हात लावला तर डाग राहतो. गडद हिरवं आणि मरून काम उजेडीच करा. बल्बखाली दोन हिरव्यांतला फरक कळत नाही आणि सकाळी उसवावं लागतं.

रूई

भरणाला घरचा कापूस असताना विकत कशाला, असं वाटतं आणि ते खरंही आहे, फक्त कापूस नीट तयार करायला हवा. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस घ्या, कवडी म्हणजे किडका, पिवळट कापूस बाजूला काढा. कवडीत किडीची घाण आणि पिवळेपणा असतो, तो पुढे पांढऱ्या कापडातून डोकावतो. सरकी एकूण एक काढली पाहिजे. आत राहिलेली एक सरकी उशिरा त्रास देते: तिचं तेल कापडावर उतरतं आणि उंदीर नेमका तिथेच कुरतडतो. शंभर ग्रॅम कापसातून साधारण ३३ ते ३५ ग्रॅम रूई निघते. एका चांदणीला तीन ते चार ग्रॅम रूई लागते, तेव्हा दहा चांदण्यांना सव्वाशे ग्रॅम कापूस काढून ठेवा.

सरकी काढलेली रूई दोन दिवस कडक उन्हात, वरून पातळ कापड झाकून वाळवा. मग पिंजा. गावात पिंजारी येत असेल तर गादीच्या कामातली मूठभर मागून घ्या. नाहीतर बोटांनी तंतू विंचरल्यासारखे ओढून सैल करा. पिंजलेली नसेल तर रूईचे गोळे बनतात आणि चांदणीला पोटात गाठी येतात. पॉलिस्टरचं फायबर हलकं असतं, दबल्यावर परत फुगतं आणि ओलावा धरत नाही, त्यामुळे मोठ्या लटकनाला तेच बरं. लहान टोकं मात्र रूईने जास्त टोकदार भरतात. दोन्ही असतील तर टोकांत रूई आणि पोटात फायबर घाला. ज्वारी, तांदूळ, डाळ असलं काही वजनासाठी भरू नका. पहिल्याच पावसाळ्यात त्यात सोंडे होतात.

चांदणीचा नमुना

कंपासने साडेचार सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. लग्नपत्रिकेचा जाड कागद नमुन्याला अगदी योग्य असतो. आता कंपासमध्ये ५.३ सेंटिमीटर अंतर घ्या आणि वर्तुळावर एकापुढे एक खुणा करत जा. पाच खुणा बरोबर बसतात, ती पाच टोकं. शेजारच्या दोन टोकांच्या मधोमध केंद्राकडे रेघ धरा आणि केंद्रापासून २.४ सेंटिमीटरवर खूण करा, त्या पाच खाचा. टोक आणि खाच रेघेने जोडत जा.

एका रेघेत पाच बाजू काढून जी चांदणी होते तिच्या खाचा केंद्राच्या बऱ्याच जवळ असतात, या मापाला १.७ सेंटिमीटरवर. कागदाच्या आकाशकंदिलाला ती शोभते, कापडात मात्र तिची टोकं इतकी अरुंद होतात की रूई आत जात नाही आणि ती लुळी पडतात. नवशिक्यांची चांदणी फसते ती बहुतेक वेळा या एका मापामुळे.

नमुना फेल्टवर ठेवून खडूने खूण करा आणि रेघेच्या आतल्या बाजूने कापा, म्हणजे खडू दिसत नाही. दोन थर एकत्र धरून कापू नका, खालचा थर सरकतो. खाचेपाशी कात्री बाहेरून आत आणून थांबवा, कात्री खाचेत वळवली की तिथे चीर पडते.

नक्षी

भरतकाम जोडण्याआधीच. पुढच्या तुकड्यावर केंद्रापासून प्रत्येक टोकाकडे ३.२ सेंटिमीटरची रेघ देठटाक्याने (स्टेम स्टिच) भरा. टाका तीन-चार मिलिमीटरचा, आणि दोरा प्रत्येक वेळी एकाच बाजूला धरायचा. कधी डावीकडे कधी उजवीकडे गेला तर रेघ दोरीसारखी दिसण्याऐवजी तुटक दिसते. पाच रेघांना तीन पदरी अर्धा मीटर दोरा पुरतो. काठापासून सहा मिलिमीटर जागा मोकळी सोडा, तिथे काठाचा टाका येणार आहे.

दोन रेघांच्या मधे, केंद्रापासून १.३ सेंटिमीटरवर एक टिकली आणि तिच्यावर एक काचमणी. केंद्रात एक मोठी टिकली. एकूण सहा टिकल्या, सहा मणी. सुई खालून टिकलीतून वर काढा, मणी ओवा, आणि मण्याला वगळून पुन्हा टिकलीच्याच भोकातून खाली न्या. मणी टिकलीला धरून ठेवतो आणि दोरा दिसत नाही. प्रत्येक मण्यानंतर मागे एक लहान पक्का टाका घ्या. सलग दोऱ्यावर सहाही ओवले आणि एक तुटला तर सहाही जातात. मण्यांना रेशमापेक्षा पॉलिस्टरचा शिलाईचा दोरा बरा, काचेच्या धारेने तो लवकर कापला जात नाही.

रेघांच्या शेवटी गाठीचा टाका हवा असेल तर दोरा सुईला दोनदाच गुंडाळा आणि सुई निघाली त्या भोकात परत घालू नका. एक मिलिमीटर बाजूला घाला. त्याच भोकात गेली की गाठ आरपार निघून मागे जाते.

मागच्या तुकड्यावर आत्ताच वर्ष आणि आद्याक्षरं काढून घ्या. अक्षरं आठ मिलिमीटर उंच, एका पदराने, दोन मिलिमीटरच्या उलट्या टिपेने. ‘२०२६’ सारखा आकडा साडेतीन सेंटिमीटरात बसतो. पाठीमागे वर्ष घातलेलं नसेल तर दहा वर्षांनी कोणी कधी केलं हे घरात कुणालाच आठवत नाही.

जोडणं आणि भरणं

दोन्ही तुकड्यांच्या उलट्या बाजू आत ठेवून टाचण्या लावा. काठाला काजाचा टाका घालायचा, तीन मिलिमीटर खोल आणि चार मिलिमीटर अंतरावर. या चांदणीचा काठ सुमारे २९ सेंटिमीटर भरतो, म्हणजे सत्तरच्या आसपास टाके. दोन पदरी दोरा सव्वा मीटर लागतो, तो दोन तुकड्यांत घ्या.

सुरुवात टोकावर किंवा खाचेत करू नका, सरळ बाजूच्या मधे करा. गाठ दोन थरांच्या आत लपवा. सुई मागून पुढे येताना दोऱ्याचा वेढा डाव्या अंगठ्याखाली धरा, सुई त्या वेढ्यातून काढा आणि दोरा काठावर बसेपर्यंतच ओढा. जास्त ओढला तर काठ मुडपतो आणि चांदणी वाटीसारखी वळते. टोकावर एकाच भोकातून तीन टाके घ्या: एक टोकाच्या अलीकडे, एक नेमका टोकावर, एक पलीकडे. खाचेत एकच टाका, अगदी कोपऱ्यात, थोडा सैल. खाचेतला टाका आवळला की दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडतात आणि त्या भरण घातल्यावरही जात नाहीत.

दोरा मधेच संपला तर शेवटचा टाका न घालता सुई दोन थरांच्या आत नेऊन गाठ मारा. नवा दोरा आतून सुरू करून मागच्या टाक्याच्या वेढ्यातून काढा. सांधा कळत नाही.

पहिलं टोक पूर्ण झालं की लगेच भरा. सगळी शिलाई संपवून चार सेंटिमीटरच्या फटीतून पाचही टोकं भरायला गेलं की पलीकडची टोकं रिकामीच राहतात. रूईचा बोटाच्या पेराएवढा लांबट पुंजका घ्या, गोळा करू नका, आणि बोथट केलेल्या बांबूच्या काडीने टोकात सरकवा. दोन पुंजके टोकात, मग पुढचं टोक शिवा. पाचवं टोक भरून झाल्यावर पोट भरा, तेही बाहेरून आत, मधे शेवटी. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडून हळूहळू परत वर आला तर भरण बरोबर. खळगा तसाच राहिला तर कमी. टाक्यांमधून रूई दिसू लागली तर जास्त. रूई पहिल्या वर्षात थोडी बसते, म्हणून किंचित जास्तच भरा. तयार चांदणी आठ ते दहा ग्रॅमची होते.

हीच चांदणी सुती कापडाची करायची असेल तर नमुन्याच्या बाहेर चौफेर सहा मिलिमीटर माया, म्हणजे शिलाईसाठी जादा कापड, सोडा, सुलट बाजू आत ठेवून दोन मिलिमीटरच्या उलट्या टिपेने शिवा आणि एका सरळ बाजूला अडीच सेंटिमीटर उघडं ठेवा. टोकांवरची माया तिरकी छाटा. प्रत्येक खाचेत शिलाईपासून एक मिलिमीटर उरेपर्यंत कात्रीने चीर द्या. ही चीर दिली नाही तर उलटवल्यावर खाचेत कापड ओढलं जातं. चीर शिलाईला लागली तर तिथून रूई बाहेर येते, म्हणून खाचेच्या दोन्ही बाजूंना एक सेंटिमीटर शिलाई दुहेरी करा. उलटवताना कात्रीचं टोक वापरू नका. इस्त्री करायची ती भरण्याआधी आणि टिकल्या लावण्याआधी, गरम इस्त्रीखाली टिकली वितळते.

फास

फास काठाच्या टाक्यात अडकवून मोकळं होऊ नये. झाडावर सगळा भार त्या एका टाक्यावर येतो. सहा पदरी रेशीम ६० सेंटिमीटर कापा, एक टोक खिळ्याला बांधा आणि दुसऱ्या टोकाने पीळ द्या. ढिला सोडताच वेढा पडू लागला की पीळ पुरे. मधोमध दुमडून सोडा, दोन्ही भाग आपोआप एकमेकांना गुंडाळतात आणि सुमारे २५ सेंटिमीटरचा गोफ मिळतो. त्याची दोन्ही टोकं एकत्र गाठ मारून ती गाठ वरच्या टोकात दोन थरांच्या मधे दीड सेंटिमीटर आत ठेवा आणि मागच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला तीन-चार पक्क्या टाक्यांनी बसवा. हे काम ते टोक शिवण्याआधी करायचं, त्यामुळे कुठल्या टोकाला फास आहे ते आधी ठरवून ठेवा. लोखंडी तारेचा हूक लावू नका. पावसाळ्यात तो गंजतो आणि तांबूस डाग कापडात कायमचा बसतो.

पक्षी

पक्षी चांदणीपेक्षा सोपा, कारण त्याला खाचा नाहीत. नऊ सेंटिमीटर लांब, साडेपाच उंच असा थेंबाच्या आकाराचा नमुना काढा आणि निमुळतं टोक शेपटीकडे ठेवा. निळ्या फेल्टवर तपकिरी छाती लावली की नीळकंठ, हिरव्यावर लाल चोच लावली की राघू. विलायती रॉबिनपेक्षा आपल्या मुलांना हे ओळखीचे.

इथे चूक होते ती एकच. दोन्ही तुकडे एकाच दिशेला तोंड करून भरले जातात आणि जोडताना एकाची नक्षी आत जाते. दुसरा तुकडा नमुना पालथा करूनच आखा आणि भरतकामाआधी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून चोची एकमेकींकडे बघतात ना ते पाहा. पंख वेगळा कापून फक्त पुढच्या निम्म्या काठाने टाचा, मागचा भाग मोकळा राहिला की उडाल्यासारखा दिसतो. चोच दोन थरांत किमान पाच मिलिमीटर आत घाला. डोळ्याला मणी नको, गाठीचा टाका घ्या, कारण घरात लहान मूल असेल तर डोळा पहिला ओढला जातो.

फासाची जागा डोळ्यांनी ठरवू नका. भरलेल्या पक्ष्याच्या पाठीत टाचणी खुपसून तिला दोरा बांधून लटकवा. चोच खाली गेली तर टाचणी चोचीकडे सरकवा. पक्षी आडवा राहिला की तिथेच फास. इथे मात्र फास शेवटीच येतो, म्हणून गोफाला पाठीतून आत नेऊन पोटात सुईने दोन-तीन आडवे टाके घ्या.

कोशाची घंटा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. पतंग बाहेर पडलेला कोश फुटका असतो. त्याचा सलग धागा निघत नाही, म्हणून तो स्वस्तात मिळतो आणि आपल्याला तोच हवा. चार-पाच सेंटिमीटरचा अंडाकृती, करड्या-तांबूस रंगाचा, कडक. वर त्याला स्वतःचं देठ असतं, त्यानेच तो फांदीला धरून लोंबतो. ते देठ तोडू नका, घंटेचा आयता फास तोच. न फुटलेला कोश स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आतला किडा तसाच वाळलेला असतो, वास येतो आणि मुंग्या लागतात.

कोश कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवला की कापायला नरम पडतो. देठाविरुद्धचं गोल टोक एक तृतीयांश कापून टाका. काप वाकडा येऊ नये म्हणून आधी दोऱ्याचा वेढा बांधून त्याच्या काठाने खडूची खूण करा. आतलं टरफल आणि भुसा जुन्या दातब्रशने काढा, दिवसभर उन्हात ठेवा. पूर्ण वाळल्यावर तोंडाच्या कडेने तीन मिलिमीटर आत, चार-चार मिलिमीटरवर दाभणाने भोकं पाडा. कोशाच्या आत साबणाचा तुकडा धरा म्हणजे दाभण बोटात जात नाही. सुईनेच भोक पाडायचा हट्ट केला तर सुई तरी मोडते नाहीतर बोट फुटतं. मग भोकाभोकातून सोनेरी किंवा लाल दोऱ्याने काजाचा टाका घाला, वर करवती काठाची पट्टी दोन टोकांना टाचा.

पतंग बाहेर पडलेलं छिद्र बहुधा देठाजवळच असतं. त्यातून दोरा आत सोडून पितळी घुंगरू लोंबवा, तोंडाच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर बाहेर. छिद्र मोठं असेल तर वरच्या बाजूला मणी ओवून गाठ मारा, गाठ निसटत नाही. मुलामा दिलेलं लोखंडी घुंगरू ओळखायला चुंबक लावून बघा.

झाड

तीन-चार फुटी प्लास्टिकच्या झाडाच्या तारेच्या फांद्या वीस ग्रॅमच्या वर लटकन लावलं की वाकतात, म्हणून वरची मापं मोठी करू नका. सुरूची फांदी कुंडीत रोवली तर ती आणखी नाजूक, तिला चांदण्या आणि घंटाच लावाव्यात. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, झाड सगळ्यांत मजबूत आणि फुकट. दाट फांद्यांची वाळलेली पऱ्हाटी मुळासकट उपटून माती झाडा आणि वाळू भरलेल्या डब्यात रोवा. चुन्याने पांढरी केली की लाल-हिरवी लटकनं खुलतात. मात्र तिच्यावरची किडकी, अर्धवट उमललेली बोंडं घरात आणू नका. गुलाबी बोंडअळी त्यातच दबा धरून असते. नाताळ झाला की ती पऱ्हाटी रचून न ठेवता चुलीत घाला.

भेट आणि ठेवण

भेट देताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई पांढऱ्या फेल्टला लागते. बटर पेपर किंवा मांजरपाटाची बारा बाय पंधरा सेंटिमीटरची लहान पिशवी करा, तीत एक चांदणी मावते. करंज्या-शंकरपाळ्यांच्या डब्यातच लटकन ठेवण्याची पद्धत दिसते, ती सोडा. तेल चढतं. फराळाच्या डब्याला वरून बांधा, छान दिसतं. पिशवीत चिठ्ठी घाला: धुवायचं नाही, ब्रशने झटकायचं, डाग पडला तर ओल्या कापडाने टिपायचं.

झाड ६ जानेवारीला, प्रभुप्रकटनाच्या सणाला, उतरवतात. त्या दिवशी सगळी लटकनं दोन तास उन्हात ठेवा, पण त्याहून जास्त नाही, लाल रंग उडतो. पत्र्याच्या डब्यात तळाशी सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, वर सुती कापड, त्यावर लटकनं एका थरात. दुसरा थर द्यायचा तर मधे पुठ्ठा ठेवा, नाहीतर खालच्या चांदण्या चपट्या होतात. डांबरगोळ्या नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकच्या टिकल्या आणि मणी चिकट होतात, शिवाय वास नाताळपर्यंत जात नाही. डबा भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, विटेवर किंवा फळीवर ठेवा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात एकदा उघडून बघा.

त्याच वेळी डागडुजी होते. रूई बसून चांदणी सैल झाली असेल तर मागच्या बाजूने, एका सरळ कडेचे पाच-सहा टाके कापा, जुने पुंजके काडीने मोकळे करा, ग्रॅमभर नवी रूई टोकांकडे सारा आणि त्याच भोकांतून काजाचा टाका पुन्हा घाला. नवा दोरा जुन्यापेक्षा गडद दिसतो. उन्हात दोन दिवस ठेवलेली लडी वापरली तर फरक कमी जाणवतो.